पडीक वरकसाची निगा : गणपतीपासून शिमग्यापर्यंत

भाद्रपदात गणपतीसाठी मुंबईहून गावी आलेला चाकरमानी एखाद्या सकाळी आपल्या वरकस जमिनीकडे फेरी मारतो. पावसाने नुकतीच उघडीप दिलेली असते. डोंगरउतारावर कमरेइतके हिरवेगार गवत वाऱ्यावर डोलत असते. ते दृश्य त्याला सुखद वाटते; ‘जमीन जागेवर आहे, गवत कोणाची तरी गुरे खातील,’ असे म्हणून तो समाधानाने परततो. तोच मनुष्य फाल्गुनात शिमग्याच्या पालखीसाठी पुन्हा गावी येतो, तेव्हा त्याच उतारावर काळी राख पसरलेली असते आणि बांधापलीकडे शेजाऱ्याची तीन-चार वर्षांची काजूची कलमे करपून उभी असतात. वणवा कोणी लावला हे बहुधा कळत नाही. तो कोणाच्या गवतावरून आला, हे मात्र साऱ्या वाडीला ठाऊक असते.

रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या जिल्ह्यांतील कोणत्याही गावी घडू शकेल अशी ही गोष्ट आहे. गणपती आणि शिमगा ह्या दोन सणांच्या दरम्यान सुमारे सहा महिन्यांचा काळ जातो. ह्या काळात पडीक जमिनीकडे योग्य वेळी दोनदा लक्ष दिले, तर पुढील हानी बव्हंशी टळते. जमीन कसणे ज्यांना शक्य नाही, त्यांनाही ती राखणे शक्य आहे. त्यासाठी मोठा खर्च करावा लागतो हा समज बरोबर नाही. सारी जमीन कापून काढण्याची गरज नसते, आणि जेवढी कापावयाची तेवढी मालकानेच पैसे मोजून कापून घ्यावी असेही नाही.

जमीन पडीक का राहते

कोकणातील वरकस जमीन उताराची, हलकी व जांभ्या दगडाची असते. पूर्वी तिच्यावर नाचणी, वरी, हरीक, तीळ अशी पिके आळीपाळीने घेत आणि मधली काही वर्षे ती गवतासाठी सोडून देत. ते गवत गुरांना लागे, छपरांना लागे आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजावयासही लागे. म्हणजे जमीन मोकळी असली तरी ती दुर्लक्षित नसे. दर वर्षी तिच्यावर विळा फिरत असे. पुढे घरातील कर्ती माणसे मुंबईस गेली, गुरे कमी झाली, छपरांवर कौले व पत्रे आले. गवत पूर्वीइतकेच उगवत राहिले. परंतु ते कापून नेणारे हात उरले नाहीत.

ह्यात सामायिक मालकीची भर पडते. सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावे असतात आणि खर्च कोणी करावयाचा हे ठरत नाही. शिवाय दुसऱ्याला जमिनीत पाऊल ठेवू दिले तर उद्या तो हक्क सांगेल, अशी भीती १९४८ च्या कूळ कायद्यापासून अनेक घरांत घर करून बसली आहे. परिणामी मालक स्वतः येत नाही आणि दुसऱ्यासही येऊ देत नाही. ह्या दोहोंमध्ये गवत वाळत राहते.

‘जाळले म्हणजे गवत चांगले येते’ हा गैरसमज

वणवा लागून गेल्यावर हिरवे कोंब लवकर दिसतात, म्हणून जाळणे लाभदायक आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात वरचा वाळलेला थर नाहीसा झाल्यामुळे ते कोंब केवळ डोळ्यांस लवकर दिसतात. आगीने पालापाचोळा जळतो, जमीन उघडी पडते आणि मृगाच्या पहिल्या जोरदार सरींबरोबर उतारावरील बारीक माती ओढ्यात जाते. जेथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे उघड्या उताराची काय अवस्था होते हे सांगावयास नको.

आग सर्व गवतांना सारखी मारीतही नाही. कुसळीच्या बियांना लांब, पिळदार कुसळ असते. ओल लागली म्हणजे हे कुसळ आपोआप वळू लागते आणि बी मातीत शिरते. मातीत शिरलेले बी वरून जाणाऱ्या आगीतून वाचते. त्यामुळे वर्षानुवर्षे जळणाऱ्या माळावर गुरांना आवडणारी मऊ गवते मागे पडतात आणि कुसळीसारखी राठ गवते वाढतात. रानमोडीचेही तसेच आहे. ती भडकून जळते. परंतु तिचा बुंधा जमिनीत जिवंत राहतो व पावसाळ्यात पुन्हा जोमाने फुटतो. जाळून रान साफ होते असे मानणारा मनुष्य रानमोडीसाठी जागाच तयार करीत असतो.

पहिला उपाय : गवताच्या मोबदल्यात पट्टा

गावात गुरे कमी झाली असली तरी संपलेली नाहीत. ज्याच्याकडे दोन म्हशी किंवा चार गाई आहेत त्याला वैरण हवी असते आणि ज्याची जमीन पडीक आहे त्याला गवत नको असते. ह्या दोघांची गाठ घालून देणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. अशा व्यवहारात मालकाने गवताची किंमत रोख पैशांत घेण्याचा आग्रह धरू नये. ती जमिनीच्या कडेने साफ केलेल्या पट्ट्याच्या रूपाने घ्यावी. गवत नेणाऱ्याला वैरण मिळते व मालकाला संरक्षण मिळते. दोघांचाही रोख खर्च होत नाही.

हा ठराव तोंडी न ठेवता एका कागदावर साध्या शब्दांत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्यात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात :

१. सौदा केवळ ह्या हंगामातील उभ्या गवताचा आहे. जमिनीचा ताबा मालकाकडेच आहे.
२. जमिनीच्या चारही कडांचा ठरलेल्या रुंदीचा पट्टा प्रथम कापून साफ करावयाचा आहे व नंतर आतील गवत न्यावयाचे आहे.
३. कापलेले गवत ठरलेल्या तारखेच्या आत उचलावयाचे आहे.
४. कोणत्याही कारणाने जमिनीत आग लावावयाची नाही.

कागद करण्यापूर्वी त्यातील मजकूर गावच्या महसूल कार्यालयात दाखवून घेणे हितावह ठरेल. राज्यात २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत मालकाने आपल्या जमिनीची नोंद दर हंगामी स्वतः केली, तर मागाहून वाद निघण्याचा संभव आणखी कमी होतो.

गवत केव्हा कापावे ह्याला फार महत्त्व आहे. ते फुलोऱ्यावर येत असताना कापल्यास त्यात प्रथिने अधिक असतात व गुरे ते आवडीने खातात. बी गळून पिवळे पडलेले गवत पोट भरते, पण दूध देत नाही. परंतु फुलोऱ्याच्या वेळी पाऊस पूर्ण थांबलेला नसतो आणि भातकापणीही तोंडावर आलेली असते. म्हणून ज्यांना हिरवे गवत हवे त्यांनी भाद्रपद-आश्विनात रोजच्या भाऱ्याने न्यावे, आणि ज्यांना साठवण करावयाची आहे त्यांनी पावसाने उघडीप देताच, बी गळण्यापूर्वी कापणी उरकावी. कापलेले गवत दोन-तीन दिवस उन्हात पसरून, एकदा उलटून, मगच पेंढ्या बांधाव्यात. ओलसर गवताची उडवी रचल्यास ते आतून तापते व त्याला बुरशी येते. उडवी घरापासून व गोठ्यापासून दूर आणि दगडी किंवा लाकडी बैठकीवर रचावी.

दुसरा उपाय : सारी जमीन नव्हे, कडेचा पट्टा

गवत नेणारा कोणीच न मिळाल्यास मालकास स्वतः खर्च करावा लागतो. अशा वेळी एकर-दोन एकरांची संपूर्ण कापणी डोळ्यांपुढे आल्यामुळे बहुतेकांचा धीर सुटतो व काहीच केले जात नाही. परंतु वणवा थांबविण्यास कडेचा पट्टा पुष्कळ उपयोगी पडतो आणि त्याचा हिशेब फारसा भयंकर नाही.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. चौरस एकराची एक बाजू सुमारे २०९ फूट भरते. तिच्या चारही कडांनी आतल्या बाजूस १० फूट रुंदीचा पट्टा काढला, तर त्याचे क्षेत्र ७ गुंठ्यांहून थोडे अधिक होते. म्हणजे एकराच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी जागा साफ करावी लागते. जमीन अरुंद व लांब असेल तर पट्टा वाढतो. १०० फूट रुंद एकरास सुमारे साडेनऊ गुंठे साफ करावे लागतात.

आता शेजारशेजारच्या पाच मालकांचा विचार करावा. प्रत्येकाने आपापल्या चौरस एकराभोवती वेगळा पट्टा काढला, तर एकंदर साडेछत्तीस गुंठे साफ करावे लागतात. तेच पाच एकर एका सलग चौकोनात असून पाचांनी मिळून बाहेरून एकच पट्टा काढला, तर सुमारे १७ गुंठे पुरतात. काम निम्म्याहून कमी होते. भावकीतील वाद बाजूस ठेवून एवढा एक खर्च सामायिक केला, तरी प्रत्येकाचे पैसे वाचतात. मात्र आतल्या आत कोणाची काजूची वा आंब्याची लागवड असल्यास तिच्याभोवती स्वतंत्र पट्टा अवश्य ठेवावा. कारण आग बाहेरूनच लागते असे नाही.

सपाटीवर १० फुटांचा पट्टा ही किमान मर्यादा समजावी. आग उतारावरून वर चढताना अधिक वेगाने धावते, म्हणून जमिनीच्या खालच्या अंगास पट्टा १५ ते २० फूट ठेवणे इष्ट होय. रस्ता, ओढा किंवा स्वच्छ ठेवलेला दगडी गडगा ज्या बाजूस असेल त्या बाजूचे काम कमी होते. गडग्यावर वाळलेल्या वेली लोंबत असतील तर त्याचा उपयोग होत नाही. उलट त्याच वाटेने आग पुढे सरकते.

पट्ट्यातील गवत केवळ आडवे पाडून ठेवल्याने भागत नाही. ते तेथून उचलले पाहिजे व खालचा पालापाचोळा दाताळ्याने ओढून काढला पाहिजे. उचललेले गवत शेणकाल्याबरोबर खड्ड्यात कुजविल्यास चांगले खत होते. पट्टा जाळून साफ करण्याचा मोह टाळावा. दुपारी समुद्राकडून वारा सुटला म्हणजे लहानशी आग हाताबाहेर जाण्यास वेळ लागत नाही.

हे काम भातकापणीनंतर, नोव्हेंबरमध्ये किंवा उशिरात उशिरा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुरे व्हावे. साग व इतर झाडांची पाने पुढे गळत राहतात. म्हणून फेब्रुवारीत पट्ट्यावर पुन्हा एकदा दाताळे फिरवावे. ही दुसरी फेरी थोड्या वेळात होते, पण ती चुकली तर पहिल्या फेरीचे बरेचसे श्रम वाया जातात.

विळा की यंत्र

खडकाळ, तीव्र उताराच्या व लहान तुकड्यांसाठी विळ्यासारखे साधन नाही. मोकळ्या व सलग जागेत खांद्यावर अडकवून चालविण्याचे पेट्रोलवरील गवतकापणी यंत्र वेळ वाचविते. एकट्याने ते विकत घेण्यापूर्वी मात्र विचार करावा. वर्षातून दोनदा वापरावयाचे यंत्र उरलेले दिवस पडवीत गंजते. पाच-सात जणांनी मिळून घेणे, बचतगटाने घेऊन भाड्याने देणे किंवा यंत्र बाळगणाऱ्याकडून गुंठ्याच्या दराने काम करून घेणे अधिक परवडते.

दर ठरविण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. ३३ फूट लांबी-रुंदीचा एक गुंठा दोरीने आखावा, तेवढाच कापून घ्यावा आणि लागलेला वेळ व पेट्रोल टिपून ठेवावे. त्यास पट्ट्याच्या गुंठ्यांनी गुणले म्हणजे खर्चाचा अंदाज हातात येतो. अंदाजाने ‘एकराचे इतके’ असा सौदा केल्यास दोघांपैकी एकाची फसगत होते.

यंत्र चालविणाऱ्याने डोळ्यांस चष्मा, पायांत जाड बूट व अंगात जाड कपडे घातलेच पाहिजेत. पाते दगडावर आपटल्यास दगडाचे तुकडे दूरवर उडतात. म्हणून काम चालू असता १५ मीटरच्या आत कोणी, विशेषतः मुले, येऊ देऊ नयेत. कोवळ्या गवतास नायलॉनची दोरी व राठ गवतास लोखंडी पाते वापरावे. गवत जमिनीलगत खरडू नये. आतील भागात चार बोटे उंचीचे खोड राखले म्हणजे माती धरून राहते व यंत्रही सुरक्षित राहते.

तणनाशक फवारणे काहींना सोपे वाटते. परंतु फवारलेले गवत मरून उभेच राहते, लवकर वाळते आणि वणव्यास आयते इंधन मिळते. शिवाय उतारावरील औषध पाण्याबरोबर विहिरीकडे व ओढ्याकडे जाण्याचे भय असते. पडीक वरकसासाठी हा मार्ग टाळावा.

रानमोडी आणि घाणेरी

गवत कापणे व झुडपे काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. रानमोडी व घाणेरी गुरे खात नाहीत. भुकेल्या जनावराने घाणेरी खाल्ल्यास त्याला विषबाधा होते. दोन्ही झुडपे दाट जाळी करतात आणि त्या जाळीत रानडुकरांना आसरा मिळतो.

रानमोडी पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत फुलते व तिचे हलके बी वाऱ्याबरोबर दूर जाते. म्हणून ती फुलण्यापूर्वी, माती ओली असतानाच, मुळासकट उपटावी. गणपतीनंतरचे चार-सहा आठवडे ह्या कामास उत्तम होत. त्या वेळी ओल्या मातीतून लहान झाड हाताने निघते. तेच डिसेंबरात कुदळीनेही दाद देत नाही. जुने बुंधे एका वर्षात संपत नाहीत. पहिल्या वर्षी कडेचे, दुसऱ्या वर्षी वाटेलगतचे व तिसऱ्या वर्षी आतले अशी वाटणी केल्यास ओझे वाटत नाही.

चराईचा उपयोग

शेळ्या व गुरे हीही कापणीची साधनेच आहेत. परंतु मोकाट चराई आणि राखण चराई ह्यांत अंतर आहे. मोकाट सुटलेली जनावरे गोड गवत मुळापर्यंत खातात, राठ गवत तसेच सोडतात व शेजाऱ्याच्या कलमांत शिरतात. जनावर दाव्याने बांधून किंवा राखणदारासह जमिनीच्या एकेका भागात चारावे व एक भाग संपल्यावर दुसऱ्यात न्यावे. पावसाच्या आरंभी कोंब कोवळे असताना चराई बंद ठेवावी. नाहीतर खुरांनी उताराची माती सुटते.

पुढच्या वर्षी काम कमी व्हावे म्हणून

दोन-तीन वर्षे पट्टा नीट राखला गेला म्हणजे आतील जमिनीचा विचार करता येतो. पावसाच्या आरंभी स्टायलोचे बी विस्कटून टाकल्यास काही वर्षांत त्याची दाट वाढ होते. स्टायलो द्विदल वर्गातील असल्यामुळे हवेतील नत्र जमिनीस मिळते व गवताबरोबर त्याची वैरण पौष्टिक ठरते. बियांचे कवच कठीण असते. म्हणून ते पेरणीपूर्वी रात्रभर पाण्यात भिजवावे.

कायमचा उपाय झाडांचा. काजूची कलमे सात-सात मीटरांवर लावल्यास एकरी ८० च्या सुमारास बसतात. ती मोठी होऊन त्यांच्या सावल्या एकमेकींस भिडल्या म्हणजे खाली गवत फारसे माजत नाही व कापणीचे काम आपोआप कमी होते. वेंगुर्ले येथील संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ ह्या जाती कोकणात परिचित आहेत. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग कार्यक्रमाने अशा अनेक पडीक उतारांचा कायापालट केला. लागवडीसाठी सध्या कोणते साहाय्य उपलब्ध आहे ह्याची चौकशी कृषी कार्यालयात करावी. मात्र क्रम चुकवू नये. आधी पट्टा, मग झाड. पट्टा न राखता लावलेली कलमे म्हणजे वणव्याच्या वाटेवर ठेवलेले भांडवल होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

ह्या कामात पैशापेक्षा गाठीभेटींची वाण अधिक असते, आणि ती कार्यकर्त्यांनाच भरून काढता येते. गणपतीपूर्वी, शक्य झाल्यास १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या सुमारास, वाडीवार दोन याद्या तयार कराव्यात. पहिली पडीक जमिनींची, मालकांच्या मुंबईतील दूरध्वनी क्रमांकांसह. दुसरी वैरण हवी असलेल्या गुरे-शेळीपालकांची. गणपतीत बहुतेक मालक गावी असतात. त्या दिवसांत एका सायंकाळी दोन्ही यादींतील मंडळींना देवळात किंवा शाळेत एकत्र बसवावे. सामायिक पट्टा कोठून जाईल हे गावच्या नकाशावर रेघ ओढून दाखवावे, ठरावाचे कागद तेथेच लिहून घ्यावेत आणि काम कोणत्या तारखेस पुरे व्हावयाचे ते नोंदवावे. डिसेंबरच्या मध्यास पट्ट्यावरून एक फेरी मारून जेथे खंड राहिला असेल तेथील मालकास कळवावे. पट्टा नव्वद हिस्से पुरा झाला आणि दहा हिस्से राहिला, तर आग त्या दहा हिश्श्यांतूनच आत येते.

पडीक जमिनीचा मालक गावात नसतो. पण त्याच्या जमिनीचे शेजारी गावातच असतात. कोणी कर्ज काढून कलमे लावलेली असतात, कोणाचा गोठा उताराच्या टोकाशी असतो, कोणा म्हातारीची पाच आंब्यांची झाडे हेच तिचे वर्षाचे उत्पन्न असते. ह्या सर्वांचे नशीब बांधापलीकडच्या गवतावर अवलंबून असते. म्हणून गणपतीत हिरवे गवत पाहून समाधानाने परतणाऱ्या प्रत्येक मालकाने मुंबईची गाडी धरण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात : गवत कोण नेणार हे ठरवावे आणि पट्टा कोण काढणार हे लिहून ठेवावे. मग शिमग्यास पालखी दारी येईल तेव्हा शेजाऱ्यास तोंड दाखवावयास त्याला संकोच वाटणार नाही.